गोल टोकाची काडतुसं

"मामा, बार असा हवा की चिरेखाणीपर्यंत ऐकू गेला पाहिजे," सुजय म्हणाला.

सुजय माझा भाचा. त्याच्याकडे शेतीसंरक्षणाची दुनळी आहे, आणि आमच्या भागात बंदूक माकडांच्या हिशेबानेच बघतात. आवाज जितका मोठा, तितके काजू वाचले. मी आयुष्यभर गावच्या वाचनालयात पुस्तकं दिली आणि घेतली. एकाहत्तराव्या वर्षी माझ्या नावावर पिस्तुलाचा परवाना निघाला, तो देवराईखालच्या झऱ्यामुळे. खाणवाल्यांनी मनाई असताना झऱ्याच्या उशाशी जांभ्याचे चिरे काढले आणि झरा आटला. त्यांना ते काढताना मी पाहिलं होतं. मंगळवारी कोर्टात तेवढंच सांगायचं होतं. त्याआधी दोनदा मला रस्त्यात अडवून, पडाल कुठेतरी, असं समजावण्यात आलं होतं.

रत्नागिरीच्या बाजारात करीमभाईंचं बंदुकीचं दुकान आहे. त्यांनी एक पेटी पुढे सरकवली.

"ही न्या. टोकाला पोकळ. अंगात शिरली की फुलते. परदेशी माल."

"हीच द्या," सुजय म्हणाला. "दिसायलाच कसली आहे."

माझं ज्ञान सगळं पुस्तकी. ते दुकानात बोलून दाखवायची मला लाज वाटते. पण मंगळवारी याहून अवघड जागी बोलायचं होतं.

"माझ्या पिस्तुलाची नळी तीन इंचसुद्धा नाही," मी म्हणालो. "एवढ्याशा नळीत गोळीला वेग कमी मिळतो. वेग नसला की ही फुलत नाही. जाड कापडातून गेली तर भोकात चिंध्या बसतात. मला साधी द्या, गोल टोकाची. ती नळीत सरकताना सहसा अडकत नाही."

"कुठे वाचलंत?"

"तीन ठिकाणी."

"आणि तिन्ही ठिकाणी चूक असली तर?"

हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारतो, प्रत्येक गोष्टीबद्दल.

"असेल. पण पिस्तूल माझ्या कमरेला राहणार आहे, करीमभाई. चूक करायची तर माझी मला करू द्या. आणि ही पेटी किती पावसाळे इथे आहे? पितळ हिरवं पडलंय."

करीमभाईंनी पेटी डोळ्यांजवळ नेली. मग आत गेले आणि गोल टोकाच्या काडतुसांची नवी पेटी घेऊन आले.

तेवढ्यात निलेश दुकानात शिरला. खाणीचा मुकादम. डुकरांसाठी काडतुसं न्यायला आला असावा. त्याने माझा परवाना काउंटरवर पाहिला.

"काय ओ काका, माकडं फार झाली वाटतं?"

"मंगळवारी तुमच्या खाणीवरून जायचंय," मी म्हणालो. "दुसरा रस्ता नाही."

त्याने एक काडतूस चिमटीत धरलं. "एवढीशी? हिनं डुकराची खाज तरी जाईल का?"

"ठेव ते खाली," सुजय म्हणाला.

निलेशने ठेवलं. "कोर्टात नेऊ देत नाहीत हे. गेटवर काढून घेतात."

"ठाऊक आहे. हे रस्त्यापुरतं. आत मी नुसता जाणार आहे." माझा आवाज फाटला, तरी वाक्य पुरं केलं.

"जावा की. पण वकील विचारतील हां, एवढ्या लांबून म्हाताऱ्याला काय दिसलं म्हणून."

"विचारू देत."

बाहेर आल्यावर सुजयने मला रिक्षात बसवलं. निलेशचं म्हणणं मात्र डोक्यातून जाईना. खरंच मला काय दिसलं होतं? सोमवारपर्यंत मी स्वतःची उलटतपासणी घेत राहिलो. साक्ष द्यायला जाऊ नये, असंही एकदा वाटलं.

मंगळवारी निघालो. खाणीपाशी चारजण उभे होते. मी मान खाली घातली नाही आणि त्यांच्यातला कोणी पुढे आला नाही. कोर्टाच्या गेटवर पिस्तूल आणि काडतुसं पोलिसाकडे दिली, पावती घेतली.

वकिलाने तेच विचारलं. "आजोबा, अंतर दीडशे पावलं. तुमचं वय एकाहत्तर. नक्की काय दिसलं?"

"आधी लांबून दिसलं," मी म्हणालो. "मग माझाच माझ्यावर विश्वास बसेना, म्हणून जवळ गेलो. चिरे कापायच्या मशीनवर तिच्या नोंदणीचा नंबर होता, तो वाचला. घरी येऊन लिहिला, आणि चुकला असेल म्हणून दुसऱ्या दिवशी परत जाऊन पडताळला. सांगू?"

वकील कागद चाळायला लागला. निलेश मागच्या बाकावरून उठला.

"सांगा," न्यायाधीश म्हणाल्या.

मी नंबर सांगितला. लिहून घेणाऱ्या बाईंना नीट ऐकू आला नसेल असं वाटून, पुन्हा एकदा, सावकाश सांगितला.