सिंधूताईंची चाल

मित्रांनो, मला चार पाय आहेत, तरी माणसाचा हात लागल्याशिवाय मी जागचा हलत नाही. मी अ‍ॅल्युमिनियमचा एक जुना वॉकर आहे. माझ्या मुठींवरचा काळा फोम ठिकठिकाणी सुटला आहे आणि पायांचे रबर बदलावे लागले आहे.

कारखान्यातून मी नागपुरात, सीताबर्डीच्या एका दुकानात आलो. तिथून मला मनोहरराव नावाच्या एका आजोबांसाठी घरी नेले. त्यांच्या खुब्याचे ऑपरेशन झाले होते. पण मला धरून गल्लीत जायची त्यांना लाज वाटे. ते वारल्यावर मी मागच्या अंगणात पडून राहिलो. माझ्यावर ओले टॉवेल वाळत.

मग एका सकाळी त्यांच्या पत्नी सिंधूताई बाथरूममध्ये घसरल्या. वय ऐंशीच्या घरात, घरात दुसरे कोणी नाही. कामवाली येईपर्यंत त्या फरशीवरच पडून होत्या. मांडीचे हाड जुळून आल्यावर मला धुऊन-पुसून आत घेतले. आमचे चांगले जमले. आधी मी पुढे, मग त्यांचे पाऊल. हळूहळू आम्ही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जाऊ लागलो. "हा माहा गडी," असे त्या दुकानदाराला सांगत.

त्यांचा मुलगा जितेंद्र पुण्यात असतो. त्याच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात दिवसभर एकटे बसणे सिंधूताईंना नको होते. शेवटी त्याने नागपूरच्या बाहेर, वर्धा रोडला, एक वृद्धनिवास शोधला. नर्स, पलंगाशी घंटी, वेळेवर जेवण. "महिनाभर राहून पाहा आई. नाही जमलं तर परत," तो म्हणाला. सिंधूताई लगेच हो म्हणाल्या. त्याला आश्चर्य वाटले, मला नाही. आंघोळीला जाताना त्या माझ्या मुठी घट्ट धरून दारातच उभ्या राहत आणि कितीदा तशाच माघारी फिरत, हे मी पाहिले होते.

तिथली माणसे वाईट नव्हती. फक्त त्यांना घाई असे. सिंधूताईंना जेवणाच्या खोलीपर्यंत चालायला वेळ लागे, म्हणून दोघीजणी येऊन त्यांना उचलत आणि चाकाच्या खुर्चीत बसवत. मला कपाटामागे ठेवून दिले.

महिना संपत आला तेव्हा जितेंद्र आला. आईच्या अंगावर थोडे मांस चढले होते. तो खूश झाला.

"जितू, तो वॉकर काढ बरं मागून," सिंधूताई म्हणाल्या.

मला धरून त्या उठल्या. पाय लटपटले. कशीबशी दोन पावले टाकून त्या पलंगावर बसल्या.

"पाहिलं? इथं आली तेव्हा मी दुकानापर्यंत जात होती."

"पण तू इथं सेफ आहे ना, आई. पुन्हा पडली असती तर?"

"पडन म्हणून चालनंच सोडून देऊ का गा? मले कोणी चालूच देऊन नाही राहिलं."

"मग आत्ताच घरी चल. भर सामान."

सिंधूताईंनी मला जवळ ओढले.

"घरीबी नाही जमत रे," त्या म्हणाल्या. "बाथरूमात एकटीनं जायची मले भीती वाटते. गोळ्याबी सकाळच्या रात्री घेतल्या जातात. तुले सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घर सुटलं असतं."

जितेंद्र त्यांच्याशेजारी बसला. आईला कुठे ठेवायचे याचा त्याने पुष्कळ विचार केला होता. तिला काय जमते आणि काय जमत नाही, हे मात्र त्याने आज पहिल्यांदा विचारले. दुपार गेली, तरी दोघे बोलतच होते.

पुढच्या आठवड्यात ते दुसऱ्या एका वृद्धनिवासाची जागा पाहायला गेले. ती लहान होती, फरशी साधी, खरखरीत. माझे पाय तिच्यावर घट्ट टेकले. जितेंद्र डॉक्टरांबद्दल विचारत होता. सिंधूताईंनी तिथे काम करणाऱ्या प्रीतीला एकच विचारले, "माही चाल लय हळू आहे वं बाई. थांबशीन का?"

"थांबीन ना आजी. पण भाजी थंडी झाली तर मले बोलू नका."

सिंधूताई हसल्या. त्या तिथेच राहिल्या.

सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. पायांत पूर्वीची ताकद आली नाही. गुडघा फार दुखला की त्या चाकाची खुर्ची मागवून घेतात. घराची आठवण आली की जेवण अर्धे टाकतात. पण आंघोळीच्या वेळी प्रीती जवळ असते, आणि आता त्या दारातून माघारी फिरत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी म्हातारे माणूस असेल, तर त्याच्यासाठी काही ठरवण्याआधी त्याच्याजवळ बसा. जे त्याला जमत नाही, तिथे हात द्या. जे जमते, तिथे धीर धरा. हात देणे मला जमते, कारण मी त्यासाठीच घडलो आहे. धीर धरणे माणसाला शिकावे लागते.

जेवणाची घंटा झाली. सिंधूताई मला धरून उठत आहेत. प्रीतीला आणखी चार खोल्या उरकायच्या आहेत. ती दारात उभी आहे, हात मागे बांधून, आणि थांबली आहे.