कोपराखालचा तळहात

"डॉक्टरबाई, भार टाका माझ्यावर," मावशी कानाशी पुटपुटल्या.

पडद्यावर बटण दिसत होतं, शिंप्याच्या फुफ्फुसात. बटणं ओठांत धरून गप्पा ठोकायची त्याची सवय. आज हसता हसता एक आत गेलं. तो औषधाच्या गुंगीत निवांत पडला होता आणि इकडे माझ्या अंगठ्यातून कळा येत होत्या.

श्वासनलिकेत घालायची आमची दुर्बीण जुनी, वजनदार. तिची जाड केबल मनगट सारखं खाली ओढते. मावशींचं काम खरं तर ती धुण्याचं. आतल्या नळीतून ब्रश फिरवायचा, औषधात बुडवायची, वाळवून टांगायची. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसं त्या हे करतात. पण माझा हात थरथरू लागला, तेव्हापासून कुणी न सांगता त्या शेजारी येऊन उभ्या राहतात आणि कोपराखाली तळहात धरतात. दुसऱ्या कुणाला याचा पत्ता नव्हता.

चिमट्यात बटण आलं.

"गिऱ्हाइकाचं असणार," मावशी म्हणाल्या. "हा पठ्ठ्या पुसून परत लावेल बघा."

जुनीच दुर्बीण ठेवायची की नवी घ्यायची, यावर दुपारी रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांना माझं मत हवं होतं. एकदा वापरून फेकायच्या नव्या दुर्बिणी मी आठवडाभर चालवून पाहिल्या होत्या. पाकीट फोडलं की तयार. धुऊन येण्याची वाट बघणं नाही, एकाचा संसर्ग दुसऱ्याला जाण्याची धास्ती नाही. चित्र जरा मळकट, आणि चिमटा आत घातला की टोक वळताना कुरकुरतं, म्हणूनच बटणासाठी जुनी काढली होती. पण नवी इतकी हलकी की हातात आहे की नाही कळत नाही. ती असली तर निवृत्तीपर्यंत काम जमलं असतं. जुनी घेऊन फार तर हा हिवाळा निघाला असता.

दोन्ही ठेवायला साहेब तयार नव्हते. नवी आली की धुण्याची खोली बंद, आणि मावशींची बदली कपडे धुण्याच्या विभागात.

"चित्र वाईट आहे असं सांगते," मी मावशींना म्हणाले.

त्या ब्रश झटकत होत्या. "आहे का वाईट?"

"कामापुरतं बरं आहे."

"मग तसंच सांगा. माझ्यापायी खोटं बोलाल आणि हात धरून घरी बसाल. मग मी धुऊ कुणासाठी?"

"आणि तुम्ही चादरी धुत बसणार?"

"चादरी तोंडावर खोकत तरी नाहीत."

मला हसू आलं आणि रडूही. साहेबांना मी खरं तेच सांगितलं.

महिनाअखेरीस मावशींचा आमच्याकडचा शेवटचा दिवस होता. टेबलावर एक आजोबा, खोकून बेजार झालेले. मी नवं पाकीट फोडलं. दुर्बिणीतून निघणारी वायर बुटाच्या नाडीएवढी. आज धुण्यासारखं काहीच नव्हतं, तरी मावशी हातमोजे चढवून आल्या आणि नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या. दुर्बीण आत सरकली तसा त्यांचा तळहात माझ्या कोपराखाली आला.

पेलायला काही नव्हतं. मी कोपर तिथे टेकवलं आणि काम संपेपर्यंत उचललं नाही.