बुकीचा भावफलक

मित्रांनो, आता माझ्या चकत्या फिरत नाहीत. एके काळी त्या फिरल्या, की रेसकोर्सवरच्या माना वळत. मी बुकीचा जुना भावफलक आहे. ऑस्ट्रेलियातल्या वॅगा गावच्या एका सुताराने मला घडवलं. प्रत्येक घोड्याच्या नावासमोर एक चकती. तो घोडा जिंकला तर एका डॉलरला किती मिळणार, तो आकडा तिच्यावर.

माझे मालक क्लॅरी पेटिफर. एखाद्या घोड्यावर फार पैसे लागले, की ते त्याचा भाव उतरवत आणि बाकीच्यांचा चढवत. कुणीही जिंको, थोडं त्यांच्याकडे उरायचंच. यात जादू नव्हती. पण हरणारा माणूस समोर उभा असे, त्याचा चेहरा दिसे. "बास आता, गड्या. बायको गाडीत ताटकळलीय, जा घरी," असं ते सुनावत. जिंकणाऱ्याला शिव्या घालत, पण पैसे चुकते करत.

क्लॅरी वारले. त्यांची मुलगी नोरीन सिडनीतल्या एका बेटिंग कंपनीत लागली आणि मी शोभेसाठी तिथल्या भिंतीवर आलो. तिथे भाव संगणक बदलत होता आणि लोक घरबसल्या मोबाईलवरून पैजा लावत होते. सतत जिंकणाऱ्याला कंपनी दोन डॉलरच्या वर लावू देत नसे. हरणाऱ्याला मात्र कंपनीच्याच पैशाने फुकट पैज, फुटबॉलची तिकिटं, वाढदिवसाला बिअरचं खोकं. अशांना फोन करून ख्यालीखुशाली विचारणं, हे नोरीनचं काम.

एका दुपारी तिचा साहेब डीन म्हणाला, "तो डार्सी विलिस महिनाभर फिरकला नाही. दोनशेची फुकट पैज दे, धावत येईल."

नोरीनने फोन लावला. पलीकडून डार्सी म्हणाला, "ताई, सोडलंय हो मी. कसंबसं सोडलंय. कशाला बोलावताय?"

नोरीनने त्याचं खातं पडद्यावर आणलं. मग म्हणाली, "नाही बोलावत. तुमचं खातं कायमचं बंद करू? फक्त हो म्हणा."

"हो."

डीन भडकला. "अगं, धर्मशाळा उघडलीय का आपण? असल्यांवरच तर हे ऑफिस चालतं!"

"तेच आज नीट ऐकू आलं," नोरीन म्हणाली, आणि पर्स उचलून निघून गेली. मला न्यायचं तिला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या खुर्चीत नवी मुलगी बसली. डार्सीला फोन गेला नाही. बाकीच्यांना गेले.

मित्रांनो, माझी धूळ कुणी पुसत नाही, त्याचं मला फारसं काही वाटत नाही. पण तुमच्या घरातलं कुणी मोबाईलवर नजर लावून एकटंच बसत असेल, तर त्याच्याजवळ जा. "कसा आहेस?" असं कंपनी त्याला विचारतेच. तुम्हीही विचारा.