गाडी दोन बोटं खाली

"किसके वास्ते नीचे करना है, सर?" गाडीखालून डोकं बाहेर काढत मेकॅनिक शिवकुमारनं विचारलं.

कोरमंगल्यातलं हे गॅरेज म्हणजे गाड्या ठेंगण्या करून घेणाऱ्या हौशी पोरांचं तीर्थक्षेत्र. त्यांच्या गाड्या खुडुक कोंबड्यांसारख्या जमिनीला पोट टेकून बसल्या होत्या. त्यांच्यामध्ये मकरंदची पांढरी गाडी नवरदेवाच्या घोडीसारखी उंच उभी होती.

मागच्या सीटवर प्रमोदिनीबाई होत्या. काच अर्धी खाली. त्यांच्याच गुडघ्यांसाठी हा खटाटोप चाललेला, त्यामुळे उत्तर त्यांना पाठच होतं. पण लेकाच्या तोंडून ऐकायची गोडी वेगळी, म्हणून त्यांनी कान दिला.

मकरंदनं इकडेतिकडे पाहिलं. कॉफीचे पेले धरून पोरं उभी होती, एकाच्या भुवईत बाळी.

"असंच," तो म्हणाला, "लुक्स के लिए."

"लुक्स के लिए बेडा, नक्को, सर. फॅमिली गाडी है. चार लोग बैठा तो हंप पे पेट लगेगा. जरूरत है तो बोलो, स्वल्प नीचे करके देता."

"नाही नाही, जरूरत नहीं," मकरंद म्हणाला, आणि परीक्षा पुढे ढकललेल्या पोरासारखा त्याचा चेहरा खुलला.

प्रमोदिनीबाईंनी दार उघडलं. माहेर बेळगावचं, संसार बसवनगुडीत, कन्नड तोंडात घोळलेली. "लुक्सगल्ला, नन्न मोणकालिगे!" शोभेसाठी नव्हे, माझ्या गुडघ्यांसाठी! वाक्य ओठांवर येऊन बसलं होतं, फक्त खाली उतरून त्या शिवकुमारच्या समोर उभं राहायचं बाकी होतं. त्यांनी पाय बाहेर काढला. जमीन विहिरीच्या तळासारखी दूर. उतरायचं स्टूल डिकीत, आणि डिकीची किल्ली लेकाच्या खिशात.

त्यांनी पाय आत घेतला आणि दार लावलं. ओरडता आलं असतं. पण अडकलेल्या माणसानं खिडकीतून ओरडणं त्यांना पटलं नाही.

आधीची गाडी बुटकी होती. तिच्यात त्या झोपाळ्यावर टेकावं तशा टेकायच्या. मग मकरंदला भारदस्त गाडीची हौस आली. बाजूला फूटबोर्ड बसवून झाला, तर तो इतका वर की त्यावर चढायलाच काहीतरी लागे. म्हणून गांधी बझारमधून लाल प्लास्टिकचं स्टूल आलं. अमृताच्या, म्हणजे सुनेच्या, भावाचं लग्न इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या हॉलमध्ये होतं. त्या दिवशी नेमकं स्टूल घरी राहिलं. गाड्या लावणाऱ्या दोघा पोरांनी त्यांना काखेत धरून, फ्रिज उतरवावा तसं उतरवलं. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. फॅमिली ग्रुपवर हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग लागली. तेव्हापासून कुठंही निघायचं झालं की घरात एकच पालुपद: "आई, तुम्ही दमाल. घरीच थांबा ना."

दमत कोण होतं, हे कुणी विचारलं नाही.

"गाडी दोन बोटं खाली करून मिळते म्हणे," असं त्याच म्हणाल्या होत्या. त्यावर घरात जी चर्चा झाली, ती एखाद्या आजाऱ्याच्या उशाशीही झाली नसती. पण आजारी कोण, तर गाडी! त्यांचे यजमान दामोदरपंत सरकारी विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी हिशेबाला पेन्सिल घेतली.

"अगं, सस्पेन्शनवर ताण येतो."

"आणि माझ्या गुडघ्यांवर काय, फुलं येतात?"

"आई, वॉरंटी जाईल," मकरंद म्हणाला.

"माझी कधीच गेली रे. मला कुठं बदलून घेताय?"

या टोल्यानंतरच मकरंद गॅरेजला जायला तयार झाला होता. आणि आज परत येऊन, बूट काढता काढता, बापाला सांगत होता, "मेकॅनिकच नको म्हणाला, बाबा."

"त्याला कारण सांगितलंस ना?" प्रमोदिनीबाईंनी शेंगा मोडता मोडता विचारलं.

"हो तर. सगळं सांगितलं."

शेंग कडकन मोडली. संताप लगेच उधळून टाकायची त्यांना सवय नव्हती. दह्यासारखा तो विरजून, झाकून ठेवला की चांगला लागतो.

आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, सकाळी बसवनगुडीतली प्रत्येक स्कूटर नवरी झाली होती. मकरंदनं गाडी धुतली, पुढं केळीचे खुंट बांधले, चाकांखाली लिंबं ठेवली. दर वर्षी पूजा आईच्या हातची, मग सगळे दोड्ड गणपतीच्या देवळात. तबक घेऊन प्रमोदिनीबाई खाली आल्या. नवी रेशमी साडी, नाकात नथ.

"आई, बॉनेटवर हात पोचणार नाही तुमचा," अमृता म्हणाली. "मी लावते कुंकू."

"राहू दे. डिकी उघड."

मकरंदनं उघडली. त्यांनी लाल स्टूल काढलं, पदरानं पुसलं, गाडीच्या बरोबर पुढ्यात मांडलं. त्याला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, शेवंतीचं फूल ठेवलं आणि निरांजन ओवाळलं.

"आई! अगं, गाडी इकडे आहे."

"ज्या हत्यारावर आपलं चालतं, त्याची आज पूजा. तुमचं चालतं गाडीवर, माझं चालतं यावर."

दामोदरपंतांना हसू आलं होतं; बायकोकडे पाहून त्यांनी ते गिळलं.

"बरं, झाली ना पूजा? चल, बस आता," मकरंद स्टूलकडे वाकला.

"हात लावू नकोस! पूजेला मांडलेलं आयुध त्या दिवशी वापरतात का? तुझ्या बाबांनी आज स्क्रू-ड्रायव्हर तरी उचललाय?"

"मग तू चढणार कशी?"

"तेच तुला तिथं गॅरेजात सांगायचं होतं. तू लुक्स सांगितलेस."

मकरंदचा हात हवेतच राहिला. अमृतानं नवऱ्याकडे पाहिलं, दामोदरपंतांनी मुलाकडे. शेजारच्या घरापुढे कोहळा फुटला.

"आणि उद्याही," प्रमोदिनीबाई शांतपणे म्हणाल्या, "हळदकुंकू वाहिलेल्यावर मी पाय ठेवणार नाही."

कोपऱ्यावरचा बसवंत झेंडूनं मढवलेली रिक्षा घेऊन आला होता. त्यांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं.

"बन्नी अम्मा, कूतकोळ्ळी." या अम्मा, बसा.

रिक्षाचा तळ तो केवढासा उंच! त्यांनी दांडा धरला, एक पाय ठेवला, दुसरा ठेवला. कुणी काखेत हात घातला नाही. दामोदरपंत क्षणभर घुटमळले, मग पेन्सिलवाला खिसा सावरत त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"सरी, होगोणा," त्या म्हणाल्या. चला, निघू या.

रिक्षा गेली. गाडी निघायला आडवं होतं ते स्टूल. मकरंदनं ते दोन्ही हातांनी, फूल पडू न देता उचललं आणि डिकीकडे नेलं.

"तिथं चपला आहेत," अमृता म्हणाली.

तो थांबला. सीटवर ठेवावं, तर ती जागा आईची. बॉनेट घसरडं. चाकांखाली चिरडायची लिंबं तशीच हिरवीगार होती, आणि कुंकू लावलेलं लाल स्टूल छातीशी धरून तो त्या उंच गाडीपुढे उभा राहिला.