आधी मांजर

“रुको, कला! पहले बिल्ली!”

नताशा मॅडमनी कलाबाईंना नव्या फ्लॅटच्या दारातच अडवलं. कलाबाईंच्या एका हातात झाडू, दुसऱ्या हातात बादली. मागे जिन्यात हिरामण हमाल आणि त्याचा जोडीदार फ्रिज धरून उभे. मॅडमनी पिशवीतून राखाडी मांजर काढलं आणि उंबऱ्याशी ठेवलं. ते तिथंच बसून पंजा चाटू लागलं.

“मावशी, त्याला म्हणावं लवकर ठरव. हात तुटले आमचे,” हिरामण म्हणाला.

मॅडमचे यजमान ओझरला विमानांच्या कामासाठी आलेले रशियन इंजिनिअर. कलाबाईंनी आजवर अशा बऱ्याच घरांत धुणीभांडी केली होती, पण घर बदलताना त्या कधी हजर नव्हत्या.

“मॅडम, बिल्ली पहले कायको?”

मॅडमनी मोडक्या हिंदीत सांगितलं. प्रत्येक घरात न दिसणारा एक म्हातारा असतो. तो घर राखतो. मांजराशी त्याचं पटतं. मांजर आधी गेलं की तो माणसांनाही राहू देतो.

“म्हणजे आपला वास्तुपुरुषच की,” कलाबाई हिरामणला म्हणाल्या. मग पुन्हा मॅडमकडे वळल्या. “और रास्ते में काली बिल्ली आयी तो?”

मॅडमनी डाव्या खांद्यावरून थू थू थू केलं. “बहुत खराब!”

हिरामण हसला, तसा फ्रिज हलला. “घ्या! तिकडं बी तेच. मी बी टेम्पो थांबवतो, दुसरी गाडी आधी जाऊ देतो.”

“रस्त्यात वंगाळ अन् घरात चांगलं. मांजर तर तेच हाय ना रे?”

कलाबाईंना नवल वाटलं. त्यांच्या मनात दोन दिवसांपासून एक गोष्ट सलत होती. शुक्रवारी आडगावच्या नव्या घराची वास्तुशांत होती. घर मुलाच्या, ललितच्या नावावर, पण जागा कलाबाईंच्या कष्टाची. कलश घेऊन आपणच आधी आत जायचं, हे त्यांनी पाया खणला तेव्हाच मनात धरलं होतं. आणि ललित खाली मान घालून म्हणाला होता, “आई, तू जरा मागून ये. सुवर्णाची आई म्हणते, विधवेनं पुढं नको.”

“मॅडम, घर में बेवा पहले गयी तो?”

मॅडमना शब्द कळला नाही. कलाबाईंनी आपल्या मोकळ्या कपाळाला बोट लावलं. “मेरे जैसी. आदमी मर गया.”

मॅडम विचारात पडल्या. “क्यों? उसके पास बिल्ली नहीं?”

तेवढ्यात मांजर उठलं आणि शेपटी उभारून आत गेलं.

शुक्रवारी आडगावच्या दारात गुरुजी घड्याळ बघत उभे होते. सून सुवर्णाची आई, सुलाबाई, कलश घेऊन पुढे झाली.

“विहीणबाई, तुम्ही जरा नळाकडं सरा. राग नका मानू. शकुन असतो.”

“राग नाय. विचारते फक्त. रशियन लोक घरात आधी मांजर घालतात.”

“मांजर? अगं बाई, भलतंच!”

“आपल्याकडं मांजर अन् मी एकाच रांगेत. कुणाला आडवं जायचं नाय.”

सुवर्णानं ओठ दाबून हसू आवरलं.

“आई, आता नको ना,” ललित म्हणाला.

“गुरुजी, एकच सांगा. दार बसायच्या आधी भिंतींवर पाणी मारायला रोज मीच आत जायचे. काल फरशी बी मीच पुसली. मग पहिलं कोण गेलं म्हणायचं?”

गुरुजींनी घड्याळावरची नजर काढली. “तसं पाहिलं तर...”

“घडायचं ते कवाच घडून गेलं,” कलाबाई म्हणाल्या. “घर तर उभं हाय.”

कुणाचाच पाय उचलेना. कलाबाईंनी पायरीवरचं दुधाचं पातेलं घेतलं, पदर खोचला आणि आत गेल्या.

स्वयंपाकघरातून लायटरची टकटक ऐकू आली. सुवर्णानं आईच्या हातातून कलश घेतला आणि सासूच्या मागोमाग उंबरा ओलांडला.