राजूरचं हाफ तिकीट

मॅटिनीचा खेळ सुटला आणि निम्मं थेटर भोकरदनच्या एसटीत येऊन बसलं. धर्मराज आणि नंदाबाईही बसले, एकाच बाकावर, मध्ये पिशवी ठेवून. पिशवी नंदाबाईनं मुद्दाम मध्ये ठेवली होती.

नवराबायकोचा अबोला चालू होता. झालं होतं एवढंच, की मोसंबीची बाग बघायला व्यापारी आला होता, सोबत गावातली चार माणसं. फळ का गळतंय, असं व्यापाऱ्यानं विचारलं. नंदाबाई म्हणाली, पाणी जास्त होतंय. त्यावर धर्मराज सगळ्यांसमोर हसून म्हणाला, "हिला काय इचारता, हिला काय कळतं!" ती चार माणसंही हसली. तेव्हापासून नंदाबाईनं त्याच्याशी बोलणं सोडलं. घरात काय संपलं ते ती म्हशीला सांगायची, "डाळ संपली गं बाई," आणि धर्मराज मुकाट्यानं डाळ आणायचा. आता तुम्हीच सांगा, म्हशीच्या मध्यस्थीनं संसार किती दिवस चालणार?

पुण्याच्या लेकीला, मोनिकाला, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून सिनेमाची दोन तिकिटं मोबाइलवर पाठवली. ती वाया जाऊ नयेत, एवढ्यावर मात्र दोघांचं न बोलता एकमत झालं होतं.

कंडक्टर दैवशाला तिकिटं फाडत आली. धर्मराज सवयीनं म्हणाला, "भोकरदन. एक फुल, एक हाफ."

"माझं मी काढते," नंदाबाई दैवशालाला म्हणाली. "राजूर द्या. एक हाफ."

राजूरला तिचा भाऊ राहायचा. पिशवी एवढी का फुगलीय, हे धर्मराजला आता कळलं. आत चार दिवसांची लुगडी होती, आणि सकाळपासून ती पिशवी त्यानंच मोठ्या तोऱ्यात खांद्यावर वागवली होती.

"समदे पिच्चरहून आल्ते काय?" दैवशालानं विचारलं. "सांगा की कसा हाय. मला कुठं रजा भेटून राह्यली!"

पुढच्या बाकावरचे काकासाहेब बियाण्याचे दुकानदार. आवाज मोठा. "हिरो-हिरोइनची पैज लागती," ते म्हणाले, "बाई हुशार का बाप्या. आधी जो प्रेमात पडंल तो हरला. हिरो पडतो बिचारा. पार विमानतळावर जाऊन गुडघे टेकतो, तरी बया ऐकंना. लई घमेंड!"

"घमेंड कुणाला हो?" गोजरबाई मागून कडाडल्या. "पिच्चरभर तो तिच्या नोकरीला हसला, ते न्हाई दिसलं तुमाला?"

झालं, गाडीत दोन पार्ट्या पडल्या. बायकांचं तिकीट अर्धं, तर मतही अर्धंच धरा, असं कुणीसं म्हणालं. बायकांनी त्याची अशी काही हजेरी घेतली, की तो पुढं खिडकीबाहेरच बघत बसला.

धर्मराजचं लक्ष रस्त्याकडं होतं. राजूर जवळ येत होतं. माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं; पण ते सोडून तो मैलाचे दगड मोजत होता.

"काका, तुमचं काय मत?" दैवशालानं विचारलं.

मत होतं. हिरोचंच बरोबर, हे मध्यंतरालाच ठरलं होतं. जन्मभर त्यानं नवराबायको दोघांचीही मतं एकट्यानंच दिली होती. त्यानं तोंड उघडलं, आणि नंदाबाईच्या मुठीतलं राजूरचं तिकीट त्याला दिसलं.

"माझं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा आवाज चढवला. "हिला इचारा. हिला माझ्यापेक्षा जास्ती कळतं. पिच्चरमधलं बी अन् बागेतलं बी."

गाडी हसली. या वेळी त्याला हसली. धर्मराजनं हसू दिलं.

नंदाबाईनं पदर सारखा केला.

"सांगू का," ती म्हणाली. "हिरोनं समदं केलं. गाणे म्हणले, फुलं आणले, गुडघे टेकले. पण ‘बाई, तुला काय वाटतं?’ असं एकदा तरी इचारलं का? इचारलं असतं, तर पिच्चर इंटरवललाच संपला असता!"

बायकांनी टाळ्या पिटल्या. काकासाहेब अडून बसले, "पण तिनं शेवटी माफ केलंच ना?"

तेवढ्यात घंटी वाजली. "राजूर! चला, राजूरवाले जल्दी उतरा!"

धर्मराजनं पाय आखडून वाट दिली. पिशवी त्यानंच उचलली आणि तिच्यापुढं धरली. नंदाबाईनं आधी पिशवीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"ठेवा ती खाली," ती त्याला म्हणाली. म्हशीला नव्हे, त्याला. "माझं बोलणं व्हायचंय अजून. अन् माझं भोकरदनचं तिकीट काढा."

"एक हाफ," धर्मराज दैवशालाला म्हणाला आणि नोट पुढं केली.

पिशवी नंदाबाईनं पायाशी सरकवली, त्याच्याजवळ नीट सरकून बसली आणि काकासाहेबांना म्हणाली, "हां, माफीचं काय म्हणत होते तुमी?"