दोन खाचांची काडी

मी एक काडी बोलतेय. लांबी वीतभर, जाडी करंगळीएवढी आणि टोकाशी दोन खाचा. चुलीत घातलीत तर माझ्यावर पेलाभर पाणीही तापायचं नाही. पण चांभाराच्या दुकानात भिंतीवर राहून एक गोष्ट मी शिकले: मालाची खरी किंमत कळते ती त्याच्यावाचून कुणाचं काय अडतं त्यावरून. माझ्यावर एका मुलीचे जोडे अडले होते.

अमेरिकेच्या दक्षिणेला, जॉर्जियातल्या कापसाच्या मळ्यावर ईसॉकाकाने मला कापलं. काका सुतार, मालकाने विकत घेतलेला. मळ्यावरची सगळी साठ माणसं तशीच. त्यांना वर्षाला एक जोड मिळे, तोही दूर उत्तरेत, मॅसॅच्युसेट्समध्ये शिवलेला. माणसं कशी पाठवणार? म्हणून पावलांच्या मापाच्या काड्या जात. काकाला अक्षर शिकायची बंदी, म्हणून नावाच्या जागी खाचा. दोन खाचा म्हणजे टेम्पी.

टेम्पी तेव्हा नऊ वर्षांची. टाच माझ्या टोकाशी लावून ती पुटपुटली, "काका, गेलं वर्षभर अंगठा दुमडून चालले रे. यंदा जरा सैल दे की!"

"हळू बोल. मुकादम बघतोय."

काकाने अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडून मला कापलं. मुकादम गुरकावला, "एवढी लांब कशाला?"

"साहेब, पोरीचं नख वाढलंय," काका गंभीरपणे म्हणाला.

कापसाच्या गठ्ठ्यांच्या शेजारी बसून मी जहाजाने उत्तरेला आले. एलिफलेट बरेज या चांभाराने काड्यांची जुडी सोडली आणि आधी मलाच शोधून काढलं. त्याच्या भिंतीवर दोन खाचांच्या तीन काड्या होत्याच, तीन वर्षांच्या. त्याने मला त्यांच्याशेजारी धरलं आणि हाक मारली, "अगं, बघ! आपली दोन-खाचावाली केवढी वाढली!"

त्याची बायको थँकफुल आतूनच म्हणाली, "नाव ठाऊक नाही, तोंड पाहिलं नाही, आणि मिरवताय मामा असल्यासारखे."

"मामाच तर! जोडे कोण पुरवतं तिला?"

"मामा म्हणे! भाचीला विकत घेणाऱ्याच्या हुकमावर जोडे शिवणारा मामा!"

थँकफुल गुलामगिरीविरुद्धच्या सभांना जायची. त्या जोड्यांच्या शिलाईला तिने तीन वर्षं हात लावला नव्हता. एलिफलेट म्हणे, "आपल्या गावचे माग कुणाच्या कापसावर चालतात? पाव कुणामुळे मिळतो?" ती म्हणे, "म्हणून तर मी लोकरीचा झगा घालते. भर उन्हाळ्यात खाजवत बसते, पण कापूस अंगाला लावत नाही." एलिफलेट हसायचा आणि पुन्हा टाके घालू लागायचा. मला दोघंही आवडायची.

नोव्हेंबरात साठ जोड तयार झाले. त्याच महिन्यात देशाची निवडणूक झाली, गुलामगिरीच्या विरोधातला उमेदवार जिंकला आणि मळ्याच्या मालकाचं पत्र आलं: 'आमच्या गाईचं कातडं तुम्ही नेता, जोडा करून चढ्या भावाने आम्हालाच विकता, वर आम्हालाच पापी म्हणता. यापुढे उत्तरेचा खिळासुद्धा नको. जोडे आम्ही इथेच करू.'

"करतील हो," एलिफलेट हताशपणे म्हणाला. "पुढच्या साली करतील. या थंडीचं काय?"

गावात माणसं छाती फुगवून सांगत होती, दक्षिणेवाचून आपलं काही अडत नाही. तिकडेही तसंच चाललं असणार. अशी फुशारकी पायात जोडे असलेल्या माणसालाच परवडते.

थँकफुलने मला भिंतीवरून काढून जोडाशेजारी ठेवलं. मग तिने आपल्या झग्याचा घेर कापला आणि दोन खाचांच्या जोडाला आतून लोकरीचं अस्तर लावायला घेतलं.

"काय गं, हात लावणार नव्हतीस ना?" एलिफलेटने विचारलं.

"मालकाच्या हुकमाचा माल नाही आता हा. मामीची भेट आहे. गप्प बसा आणि मेण द्या."

ओळखीच्या एका जहाजाच्या कप्तानाने तेवढा एक जोड जॉर्जियातल्या सव्हाना बंदराला नेला. मार्चमध्ये परतला तो जोड घेऊनच. बंदरावरच्या लोकांना अस्तरात सभेची पत्रकं लपवली आहेत असं वाटलं होतं. त्यांनी ते टराटरा फाडलं आणि जोड त्याच्या अंगावर भिरकावला. थँकफुलने अस्तर पुन्हा शिवलं.

पुढच्या महिन्यात उत्तर-दक्षिण लढाईच्या तोफा सुरू झाल्या. बाकीचे जोड फौजेने नेले. हा जोड एलिफलेटने दिला नाही.

त्यानंतर दर शरद ऋतूत तो मला भिंतीवरून काढी, कातड्यावर ठेवी आणि पुढे अंदाजाने थोडं वाढवी. "यंदा एवढी झाली असेल." थँकफुल म्हणे, "अजून थोडं. या वयात मुली झपाट्याने वाढतात." असे चार वर्षांत चार जोड झाले. फळीवर आता ओळीने पाच आहेत, प्रत्येक आधीच्यापेक्षा जरा मोठा. एकही कुणाच्या पायात गेला नाही.

आता लढाई संपली आहे. विकत घेतलेली माणसं सुटली, असं वर्तमानपत्रातून एलिफलेटने वाचून दाखवलं, तेव्हा थँकफुल रडली. काल त्याने नवं कातडं पसरलं, मला उचललं आणि परत ठेवलं. "आता अंदाज नको," म्हणाला. "आता तिलाच येऊ दे."

टेम्पी, माझ्यात आता तुझं पाऊल मावायचं नाही, आणि मला त्याचा आनंदच आहे. तू चौदाची झालीस. काड्या पाठवू नकोस, तूच ये. म्हातारा बडबड्या आहे, म्हातारी हट्टाने खायला घालेल. पाय पुढे करण्याआधी त्यांना तुझं नाव सांग. इतकी वर्षं भिंतीवर राहिले, पण तेवढं काही मला सांगता आलं नाही.